सिनेमानं उभा केलेला बैल

बेसबॉलचा एकही नियम माहीत नसला, तरी ‘बुल डरहम’ (१९८८) बघता येतो. कारण तो मुळात प्रमोशन हुकलेल्या माणसाचा सिनेमा आहे. क्रॅश डेव्हिस हा कॅचर मेजर लीगमध्ये जेमतेम २१ दिवस राहिलाय. आता नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहमला, खालच्या लीगमध्ये, त्याला एका बेशिस्त पण तुफान पिचरला घडवायचंय. पोरगा वर जातो आणि क्रॅशला नारळ मिळतो. मायनर लीगमधला होमरनचा विक्रम तो मोडतो, तेव्हा कुणी दखलही घेत नाही. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरला शिकवून पुढे पाठवलेल्या कुणालाही हे झोंबेल. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला, त्यामुळे बसमधला कंटाळा आणि नोकरीची टांगती तलवार खरी वाटते.

माझी तक्रार मैदानाबद्दल आहे. शूटिंग झालं ते खऱ्या डरहम अ‍ॅथलेटिक पार्कवर. १९२६ साली बांधलेलं हे मैदान. १९३९ मध्ये लाकडी स्टँड जळाला, मग तो काँक्रीट-पोलादात पुन्हा बांधला. सिनेमात तिथे एक मोठा बैल दिसतो, त्याला बॉल लागला की खेळाडूला स्टेक बक्षीस. तो बैल सिनेमासाठीच बनवलेला! शूटिंगनंतरही तो तिथेच राहिला आणि हळूहळू ‘परंपरा’ झाला. १९९५ मध्ये संघ नव्या स्टेडियममध्ये गेला, तर तिथेही बैल आलाच.

आणि जे खरंच घडलं होतं? १९६३ मध्ये जो मॉर्गन हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा डरहमकडून खेळला. दक्षिणेतला वर्णभेद बघून सगळं सोडून घरी जावं, असं त्याला वाटलं होतं. तो टिकला, १९९० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. या इतिहासाची साधी सावलीही पडद्यावर पडत नाही.

सिनेमा ऐंशीच्या दशकात घडतो, साठच्या नाही, हे मान्य. पण त्याची नायिका अ‍ॅनी सुरुवातीलाच बेसबॉलला धर्म म्हणते. धर्म म्हटलं, की देवळात कोणाला कुठे उभं केलं होतं, हेही विचारावं लागतं.

क्रॅशची उपेक्षा शेल्टनला अचूक दिसली, कारण ती त्यानं जवळून पाहिली होती. सिनेमा जरूर बघा. फक्त बैल दिसला, की मॉर्गनही आठवा.