स्कोटिया: सावलीसाठी कोरलेली पन्हळ

स्तंभाच्या तळखड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. दृष्टी वर, शीर्षाकडे जाते. पाथरवटाची खरी कसोटी मात्र आमच्या मते खालीच लागते. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरील इरेक्थिऑन हे मंदिर इसवीसनपूर्व ४२१ ते ४०६ या काळात उभे राहिले. त्याच्या उत्तर मंडपातील स्तंभांच्या तळाशी दोन फुगीर वलये आहेत आणि त्या दोहोंमध्ये आत वळलेली एक पन्हळ. वरच्या वलयावर वेणीसारखी नक्षी आहे. पन्हळ मात्र कोरी सोडली आहे. तिला नक्षीची गरजच नाही. वलयांवर ऊन पडते, पन्हळीत सावली साठते, आणि एकाच संगमरवरात उजळ, काळी, उजळ अशा तीन रेषा उमटतात.

या पन्हळीस रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ग्रीक शब्दाचेच नाव दिले आहे: स्कोटिया, म्हणजे अंधार. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ज्या अंधारात प्रकाश चमकतो, त्यासही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. पाथरवट आणि सुवार्तिक यांच्या तोंडी एकच शब्द असावा, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

रोमन कारागिरांनी पन्हळ बहुधा कंपासाने आखली. वर्तुळाचा तुकडाच तो. ग्रीकांची वक्ररेषा हळूहळू वळते, म्हणून तिच्यातील सावलीही हळूहळू गडद होते. आम्ही ग्रीकांच्या बाजूचे.

तथापि, खोली पाहावयाची तर इंग्लंडमधील सॉल्सबरी कॅथीड्रलकडे वळावे. त्याचे बांधकाम १२२० साली सुरू झाले. तेथील कमानींच्या कडांवर पन्हळीमागून पन्हळ इतकी खोल कोरली आहे, की ढगाळ हवेतही रेषा पुसल्या जात नाहीत. जेथे ऊन दुबळे तेथे खोदकाम खोल, हा हिशेब त्या पाथरवटांना उमगला होता. पंधराव्या शतकापर्यंत त्याच देशात पन्हळ रुंद आणि उथळ झाली. काम सोपे झाले, रेषा फिक्या पडल्या.

आज आपल्या घरांत, आणि काही चर्चमध्येही, भिंत व छत यांच्या सांध्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पन्हळ बसवतात; तिला कोव्ह म्हणतात. ती सांध्यातील भेग झाकते, कोपरा मऊ करते. येथवर तक्रार नाही. आमचा आक्षेप आहे तो तिच्यात दडवलेल्या दिव्यांच्या माळेला. सावलीसाठी घडलेल्या जागेतच दिवा ठेवला, की वक्ररेषा दिसेनाशी होते आणि उरतो नुसता पांढरा पट्टा. वेदीच्या माथ्यावर असा पट्टा सारा वेळ जळत असेल, तर वेदीवरील मेणबत्तीकडे लक्ष जावे तरी कसे? दिवे काढून टाकावेत, असे आम्ही म्हणत नाही. मात्र पावसाळ्यातील एखाद्या दुपारी वीज गेली असता वाचकांनी त्याच छताकडे एकदा पाहावे. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात ती पन्हळ प्रथमच पन्हळ म्हणून दिसते.