‘श्यामची आई’ : घरातील शिक्षणाचे दोन स्वर

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक बहुधा मातृभक्तीचे स्तोत्र म्हणूनच वाचले जाते. मुलाच्या शिक्षणात पालकांचा वाटा कोणता, या प्रश्नाचा त्यात झालेला विचार त्यामुळे दृष्टिआड होतो.

हा विचार पुस्तकात दोन स्वरांत प्रकट होतो. आश्रमातील सोबत्यांना रात्री आठवणी सांगणारा प्रौढ श्याम वारंवार चिंतनात शिरतो. तेथे वाक्ये लांबतात, उद्गार वाढतात आणि आई मूर्तिरूप होऊ लागते. प्रत्यक्ष प्रसंगांचा स्वर निराळा आहे. पोहण्यास भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीने बाहेर काढते. पत्रावळ लावण्याचा कंटाळा करणाऱ्या श्यामला ती शिकावीच लागते. येथे उपदेशाला कृतीचा आधार आहे आणि शब्दांचा अर्थ मुलाला हातापायांनी कळतो. कलादृष्ट्या व शिक्षणदृष्ट्याही हाच भाग अधिक सकस होय.

तथापि शीर्षकामुळे एक अन्यायही घडला आहे. वडिलांचा वावर, कर्जाचे ओझे, शाळेसाठी घर सोडून राहणे ही श्यामच्या घडणीची अंगे पुस्तकातच आहेत; परंतु वाचक सारे श्रेय, आणि म्हणून सारी जबाबदारीही, आईच्या पदरात टाकतो. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाने ही प्रतिमा दृढच केली. ‘आदर्श माते’च्या गौरवात घराचा हा सामायिक भार विसरला गेला, तर पुस्तक पुन्हापुन्हा वाचूनही त्यातील शिक्षणविचार हाती लागणार नाही.