शुद्धीच्या तीन ओळी

ई 2, व्ही 2, एम 5. चेन्नईच्या अण्णा नगरात, राउंडटाणाजवळ दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या केसपेपरवर ही नोंद झाली, तर पुण्याच्या ससूनमधला निवासी डॉक्टर ती जशीच्या तशी वाचू शकेल. नख दाबल्यावरच डोळे उघडतात, तोंडून शब्द नाही, नुसता कण्हण्याचा आवाज येतो. पण हात अचूक दुखऱ्या जागेकडे जातो. इतक्या कमी अक्षरांत इतका माणूस मावलेला मजकूर वैद्यकात क्वचितच सापडतो.

हा मजकूर म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी तो जुलै 1974 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. तोवर सगळा कारभार विशेषणांवर चालत असे: ग्लानी, अर्धवट शुद्ध, गाढ बेशुद्ध. रात्रपाळीच्या डॉक्टरची ग्लानी दिवसपाळीच्या डॉक्टरला अर्धवट शुद्ध वाटे आणि रुग्ण सुधारला की खालावला, हेच कळेनासं होई. या दोघांनी विशेषणं काढून टाकली आणि क्रियापदं ठेवली. उघडतो, बोलतो, हलवतो: हेच ते ई, व्ही, एम. तुम्हाला काय वाटलं, हे स्केल विचारतच नाही. तुम्ही काय केलंत आणि रुग्णानं काय केलं, एवढंच विचारतं. त्याचं सगळं सौंदर्य मला या संयमात दिसतं.

या तीन ओळींत सर्वांत श्रीमंत ओळ हाताची. सहा गुण सांगितलेलं ऐकणाऱ्याला. इथली बारकाई पाहा: ‘माझी बोटं धरा’ म्हटल्यावर धरली, एवढ्यानं भागत नाही. तान्हं बाळही तळहातात आलेलं बोट धरतं. ‘आता सोडा’ म्हटल्यावर सुटली, तर सहा. शुद्धीचा पुरावा पकडण्यापेक्षा सोडण्यात शोधणं, ही मला थोर कल्पना वाटते. त्याखाली पाच: भुवईच्या हाडावरची खाच दाबली की हात गळपट्टीच्या हाडावर चढून तिथवर येतो. हेतू अजून जिवंत आहे. चारला हात नुसता झटकन मागे सरतो. तीनला तो सावकाश, ताठरपणे छातीवर दुमडतो; दोनला कोपरात सरळ ताणला जातो. सुरुवातीच्या आवृत्तीत चार आणि तीन ही एकच पायरी होती. पुढे काही वर्षांतच ती दुभंगली आणि एकूण गुण 14 चे 15 झाले. दोन्हींत कोपर वाकतंच, पण एकात अंग वाचवण्याची धडपड उरलेली असते, दुसऱ्यात ती संपलेली असते. कवितेच्या पुनर्लेखनात एखादी ओळ फोडल्यावर अर्थ लख्ख व्हावा, तशी ही दुरुस्ती आहे.

बोलण्याची ओळ अण्णा नगरात वेगळीच परीक्षा घेते. खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली मराठी माणसं तमिळनाडूत गावोगाव आहेत. त्यांच्यातला कुणी नुकताच आलेला पोरगा डोक्याला मार लागून आला आणि ‘उंग पेर एन्न?’ या प्रश्नावर गप्प राहिला, तर तो भानावर नाही, की त्याला तमिळ येत नाही? इथं एक गुण लिहिणं म्हणजे न केलेल्या तपासणीचा निकाल लावणं. म्हणून नियम सांगतो: भाषेची अडचण असेल किंवा घशात नळी असेल, तर आकडा घालू नका, ‘तपासता आलं नाही’ असं लिहा. सोबत आलेल्या भावानं ‘दादा, आपण कुठं आहोत? महिना कुठला?’ असं विचारलं आणि नीट उत्तर आलं, तर तोच मुलगा पाच गुणांचा ठरतो.

डोळ्यांची ओळ वाचताना मात्र मराठी माणसाला मुंबईचं केईएम रुग्णालय आठवावं. न्यूरोलॉजिस्ट फ्रेड प्लम यांच्यासह जेनेटनीच 1972 मध्ये डोळे उघडे पण जाणीव नसलेल्या अवस्थेचं वर्णन केलं होतं. नोव्हेंबर 1973 मध्ये केईएममध्येच हल्ला झालेल्या परिचारिका अरुणा शानबाग याच अवस्थेत असल्याचं 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं. 2015 पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जपलं. आपणहून उघडलेल्या डोळ्यांना स्केल चार गुण देतं, पण ‘पाहतो’ असा शब्द वापरत नाही. तो शब्द टाळण्यात केवढा विचार आहे!

माझी तक्रार बेरजेबद्दल आहे. तीन ओळींच्या 120 जुळण्या होतात, त्यांच्या बेरजा मात्र 3 ते 15 अशा तेराच. रुग्णवाहिकेतून फोनवर एकच आकडा सांगणं सोपं, लाल-पिवळ्या-हिरव्या गटांत वाटणी करायलाही तो सोयीचा. पण संध्याकाळी ई 3, व्ही 4, एम 6 असलेला रुग्ण तासाभरानं ई 4, व्ही 4, एम 5 झाला, तर बेरीज दोन्ही वेळा तेराच. दरम्यान डोळे आपणहून उघडू लागलेत, हात मात्र सांगितलेलं ऐकेनासा झालाय. कवटीच्या आत रक्त साचत असू शकतं. अशा वेळी ‘तेराच आहे’ असं कुणी सांगितलं, तर मी आधी एम किती ते विचारेन आणि मग सीटी स्कॅनबद्दल.