'वाटप' आणि 'ताण' : एका परिभाषेची चिकित्सा

पाणी मर्यादित दिले असता फळझाडातील कर्बाची विभागणी बदलते. या विभागणीला 'वाटप' म्हणावे, असे सहज सुचते. परंतु हा प्रतिशब्द निर्दोष नाही. 'वाटणे' ही क्रिया वाटणाऱ्या कर्त्याची अपेक्षा करते. झाडात असा कर्ता नाही. पानांत तयार झालेली साखर दाबाच्या फरकामुळे वाहते, हे म्युंख यांचे 1930 चे प्रतिपादन आजही पायाभूत मानले जाते. जे अंग वाढत असते, ते साखर खर्ची घालते व तिकडे ओघ वळतो. म्हणजे येथे वाटप नसून ओढ आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पाणी कमी पडताच प्रथम पेशींची वाढ मंदावते. प्रकाशसंश्लेषणात लक्षणीय घट सामान्यतः त्यानंतर होते. म्हणून सौम्य ताणात शेंड्यांची ओढ कमी होऊन साखर शिल्लक राहते. ऑस्ट्रेलियातील टाटुरा येथे पीच झाडांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष चाल्मर्स, मिचेल व व्हान हीक यांनी 1981 साली प्रसिद्ध केले. कोय कठीण होत असताना फळाची वाढ मुळातच मंद असते. त्या काळात पाणी तोडल्यास फांद्यांची वाढ आवरते, फळाची हानी मात्र फारशी होत नाही. तोच ताण फळ भरण्याच्या अखेरच्या काळात पडला, तर फळ लहान राहते. 'झाड फळाला प्राधान्य देते' असे विधान करणारा अभ्यासक हा कालभेद गमावून बसतो.

दुसरा घोटाळा 'वाटा' या शब्दाचा. समजा, मुळांचे वजन 10 किलो व वरील भागाचे 30 किलो आहे. ताणाखालील झाडात ते अनुक्रमे 9 व 21 किलो भरले. मुळांचा वाटा शेकडा 25 वरून 30 झाला, तरी मुळे वाढली नाहीत, ती घटलीच. वाटा आणि मात्रा यांची गल्लत झाली, की आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

याउलट, महाराष्ट्रातील संत्रा-मोसंबीच्या बागाइतदारांची भाषा अधिक काटेकोर ठरते. आंबे बहारासाठी ते बाग 'ताणावर सोडतात' आणि पुढे पाणी देऊन 'ताण तोडतात'. या प्रयोगांत कर्ता माणूस आहे, आणि क्रियेला आरंभ व शेवटही आहे. मात्र 'ताण' हा एकच शब्द बागाइतदाराची कृती आणि झाडाची अवस्था या दोहोंना लागू होतो. हलक्या जमिनीत झाड लवकर मलूल होते, खोल काळ्या जमिनीत उशिरा. पाणी मात्र एकाच दिवशी तोडलेले असते. शास्त्रीय लेखनात म्हणून 'दिलेला ताण' व 'पडलेला ताण' असा भेद करणे अगत्याचे आहे. पहिला दिवसांत मोजता येतो. दुसरा झाडातच मोजावा लागतो.