कारावास आणि वाङ्मयाची साक्ष

दंडनीतीचे ग्रंथ शिक्षेचे चार हेतू सांगतात : अपराधाचे प्रतिफल देणे, इतरांना जरब बसविणे, समाजाचे रक्षण करणे आणि अपराध्याला सुधारणे. पहिल्या तीन हेतूंची सिद्धी थोडीफार बाहेरून अजमावता येते. अपराधी किती वर्षे बंदिस्त राहिला, त्या काळात समाजाला त्याचा उपद्रव झाला की नाही, हे नोंदवह्या सांगू शकतात. चौथ्या हेतूची गोष्ट निराळी आहे. सुधारणा घडायची ती माणसाच्या अंतःकरणात, आणि तेथवर नोंदवही पोचत नाही. म्हणून कारावासाने माणसाचे नेमके काय होते, या प्रश्नाचा विचार करताना वाङ्मयाची साक्ष काढणे अपरिहार्य ठरते. मात्र साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदार कोण, हे पाहावे लागते. आणि या बाबतीत आपली टीका काहीशी बेसावध राहिली आहे.

भारतीय भाषांतील कारागृहवाङ्मयाची परंपरा प्रामुख्याने राजबंद्यांनी घडविली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्याच साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. नेहरूंनी भारताचा शोध घेणारा आपला ग्रंथ १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिला. ज्या वास्तूंतून असे ग्रंथ बाहेर पडले त्या वास्तूंकडे वाचकाने तपोभूमी म्हणून पाहावे, हे स्वाभाविक होते. परंतु या आदरातून एक अनुमान नकळत निघाले आणि ते रूढही झाले. एकान्त, नियमबद्ध दिनक्रम व श्रम यांनी मनुष्य अंतर्मुख होतो आणि अंतर्मुख झालेला मनुष्य शुद्ध होतो, असे ते अनुमान आहे.

हे अनुमान भारतीय तपश्चर्येच्या कल्पनेशी जुळणारे वाटले, तरी कारागृहशास्त्रात ते पश्चिमेकडून आले. फिलाडेल्फिया येथे १८२९ साली उघडलेले एकान्तवासाचे कारागृह याच श्रद्धेवर उभे होते. कैद्याने कोणाचे तोंड पाहू नये, कोणाशी बोलू नये, म्हणजे तो आपल्या विवेकाशी बोलू लागेल, अशी तेथील धर्मनिष्ठ सुधारकांची कल्पना होती. १८४२ साली डिकन्स तेथे गेला. त्या सुधारकांच्या सद्हेतूविषयी त्याने शंका घेतली नाही. परंतु मनावर होणारा हा अदृश्य आघात शरीराच्या कोणत्याही यातनेपेक्षा भयंकर आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. धुळ्याच्या तुरुंगातील गीताचिंतन आणि फिलाडेल्फियाच्या कोठडीतील मूढता यांत बाह्य परिस्थितीचे साम्य आहे. फलात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या अंतराचे कारण भिंतीत सापडत नाही, ते माणसात शोधावे लागते. राजबंदी तुरुंगात येताना आपले प्रयोजन बरोबर घेऊन आला होता. त्याच्या मनाला अपराधाचा डाग नव्हता, बाहेर त्याची वाट पाहणारा समाज होता आणि पुष्कळदा त्याच्यापाशी कागद, ग्रंथ व समानधर्मी सोबती होते. तुरुंगाने त्याला काही दिले नाही. त्याच्यापाशी जे होते ते तुरुंगाला हिरावून घेता आले नाही, एवढेच.

याच परंपरेत सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ (१९२७) वेगळे उठून दिसते. अंदमानच्या कारागृहात तपोवनाचा भास होण्यास जागाच नव्हती. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघालेले सात पाख अशा रीतीने बांधले होते की, एका पाखातील कोठडीसमोर दुसऱ्या पाखाची पाठ यावी. कोलूला जुंपलेल्या कैद्याकडून दिवसाला तीस पौंड तेल काढून घेतले जाई. सावरकरांची लेखणी येथे दोन कामे करते. आपल्या निर्धाराचा पट ती उलगडते, आणि वरून साहेब, खाली कैद्यांतूनच नेमलेले वॉर्डर, पेटी ऑफिसर व जमादार अशी त्या यंत्रणेची उतरंडही दाखविते. कैद्यानेच कैद्यावर जुलूम करावा आणि त्या सेवेबद्दल बढती मिळवावी, ही शिक्षेची व्यवस्था सुधारणेच्या हेतूची केवढी विटंबना आहे, हे या ग्रंथाइतके स्पष्ट मराठीत क्वचितच दिसले असेल. तरीही ग्रंथाचा नायक राजबंदीच आहे. चोरी वा खून करून आलेला सामान्य कैदी तेथे शिष्य म्हणून, शत्रू म्हणून किंवा दृष्टान्त म्हणून येतो. त्याच्या मनात शिरण्याचे प्रयोजन ग्रंथाला नाही. आत्मवृत्तात हा दोष म्हणता येणार नाही. परंतु साक्षीची मर्यादा म्हणून तो ध्यानात ठेवला पाहिजे.

ही मर्यादा प्रथम ओलांडली ती दस्तयेव्हस्कीने. तोही राजबंदीच होता; १८५० ते १८५४ ही चार वर्षे त्याने सायबेरियात ओम्स्क येथे सक्तमजुरीत काढली. परंतु ‘मृतांच्या घरातील टिपणे’ लिहिताना त्याने निवेदक निवडला तो पत्नीचा खून केलेला मनुष्य. या एका कलात्मक निर्णयाने लेखकाने आपल्या निरपराधित्वाचा आधार स्वतःच काढून घेतला आणि तो सामान्य अपराध्यांच्या पंक्तीत बसला. तेथे त्याला जे दिसले ते दंडशास्त्राला अडचणीत आणणारे आहे. वर्षानुवर्षे सहवास घडूनही त्या माणसांत पश्चात्तापाचे चिन्ह आढळत नाही. एकच शिक्षा दोघांना सारखी होत नाही. ज्याला बाहेर उपासमार होती त्याला तुरुंग आसरा वाटतो, आणि ज्याचे मन जागे आहे त्याला न्यायाधीशाने ठरविलेल्या शिक्षेहून कितीतरी कठोर शिक्षा त्याचे मनच देते. माणसाला सर्वस्वी चिरडावयाचे असेल तर त्याला निरर्थक काम द्यावे, एका पिंपातले पाणी दुसऱ्यात व दुसऱ्यातले पुन्हा पहिल्यात ओतावयास लावावे, हे त्याचे निरीक्षण प्रसिद्धच आहे. याच्या उलट, नाताळात कैदी स्वतः नाटक बसवितात तेव्हा त्यांचे चेहरे पालटतात. काही काळ त्यांच्यावर विश्वास टाकला गेलेला असतो आणि तो मोडू नये म्हणून ते स्वतःच जपतात. सुधारणेचा अंकुर दस्तयेव्हस्कीला दिसतो तो अशा ठिकाणी, शिक्षेच्या व्यवस्थेत जेथे खंड पडतो तेथे.

कारागृहाची दुसरी बाजू अधिकाऱ्याची. बंगालीत ‘लौहकपाट’ लिहिणारे चारुचंद्र चक्रवर्ती हे स्वतः तुरुंगाधिकारी होते. त्यांनी टोपणनाव घेतले ते ‘जरासंध’. राजांना बंदीत डांबणाऱ्या मगधाधिपतीचे नाव तुरुंगाच्या चालकाने धारण करावे, यात कडवट आत्मपरीक्षण आहे. त्यांच्या ‘तामसी’वरून ‘बंदिनी’ हा बोलपट १९६३ साली निघाला. त्यापूर्वी, १९५७ साली, शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ येऊन गेला होता. त्याचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे. त्यामागे औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे सुरू केलेल्या खुल्या कारागृहाचा प्रयोग होता. सहा खुनी, एक जेलर आणि पडीक जमीन एवढ्यावर ही कथा उभी आहे. भिंतीवाचून माणूस पळून जात नाही, काम आणि विश्वास यांनी तो बांधला जातो, हे तिचे सांगणे हृद्य आहे. परंतु त्यातील प्रतिमा तपासून पाहण्याजोगी आहे. जेलरच्या मृत्यूनंतरही त्याचे दोन डोळे आपल्यावर रोखलेले आहेत, ही जाणीव त्या सहा जणांना सन्मार्गावर ठेवते. म्हणजे मनोरा पाडला गेला, पहारा मात्र मनात नेऊन बसविला. फ्रेंच विचारवंत फूको याने १९७५ साली आधुनिक शिक्षेची जी मीमांसा केली तिचे सारच जणू येथे भाबड्या सद्भावनेने चित्रित झाले आहे. विश्वास आणि पाळत यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे या कलाकृतीने, बहुधा न कळत, दाखवून दिले आहे.

आतापर्यंतचे सारे साक्षीदार तुरुंगात कोठून तरी आलेले होते. ज्यांना तुरुंग जन्माबरोबरच नेमून दिला गेला, त्यांची साक्ष मराठीत फार उशिरा नोंदली गेली. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी ठसा पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) पोलिसांचा मार सोसूनही साथीदाराचे नाव ओठांवर येऊ नये म्हणून मुलांना आधीच मारून तयार केले जाते. जेथे शिक्षा अपराधाच्या आधीच सुरू होते तेथे जरब हा शब्दच अर्थशून्य होतो. तुरुंग हा उपजीविकेच्या खर्चातील एक रकमेसारखा गणला जातो. तुरुंगाच्या आतही जन्म माणसाचा पाठलाग करीत होता. कारागृहांच्या नियमपुस्तकांतील जातीनुसार कामांची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. ‘उचल्या’मध्ये वाङ्मयीन संस्कार कमी आहेत, अशी तक्रार काही वेळा होते. परंतु दंडनीतीच्या चारही हेतूंना तो ग्रंथ जेथून प्रश्न विचारतो, तेथवर अधिक संस्कारित लेखणी पोचली नव्हती.

या साऱ्या साक्षींचे मर्म बशीर यांच्या ‘मतिलुकळ’ (१९६५) या लहानशा मल्याळम कादंबरीत एकवटले आहे. तिचा नायक राजबंदी आहे, पण व्रतस्थ नाही. त्याचे सोबती सुटून जातात, तो मागे राहतो. आणि उंच भिंतीपलीकडून एका स्त्री-कैद्याचा आवाज येतो. नारायणी ही सामान्य गुन्हेगार. दोघे एकमेकांना कधीच पाहत नाहीत. पलीकडून आकाशात उडालेली वाळकी काटकी हीच तिच्या असण्याची खूण. भेटीचा दिवस ठरतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची सुटका होते. सुटका हीच शिक्षा व्हावी, या विपर्यासात कारावासाचे स्वरूप उघडे पडते. माणसाला माणूस करणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्याशी जडलेला संबंध; तोडण्यासाठी भिंत बांधली जाते ती नेमका हाच. राजबंदी आणि सामान्य बंदी यांच्यामध्ये आपल्या वाङ्मयाने जी भिंत उभी केली होती, तिच्याशीच बशीर यांनी संवाद घडवून आणला, हे या कृतीचे विशेष मोल.

तेव्हा वाङ्मयाची साक्ष अशी आहे : कारावास माणसाला थांबवितो, झिजवितो, कधी कठोर करतो; सुधारीत नाही. सुधारणा जेथे घडली तेथे ती अर्थपूर्ण कामाने, विश्वासाने व संबंधाने घडली, आणि या तिन्ही गोष्टी कारागृहाला आपल्या स्वभावाविरुद्ध जाऊन पुरवाव्या लागल्या. या साक्षीचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा अपराध सिद्धच झालेला नव्हता. प्रतिफल, जरब वा सुधारणा यांपैकी कोणताही हेतू त्यांना लावता येत नाही. उरतो तो निव्वळ काळ, त्यांच्या आयुष्यातून वजा झालेला. या माणसांचे ‘गीतारहस्य’ कोणी लिहिणार नाही, आणि त्यांच्याकडून त्याची अपेक्षा करणे हेही क्रूरपणाचे होईल. कारागृहवाङ्मयाच्या टीकेने यापुढे लेखकाच्या धैर्याचे मोजमाप करून थांबू नये. शेजारच्या कोठडीतील माणूस त्या ग्रंथात पार्श्वभूमी म्हणून आला आहे की माणूस म्हणून, हे तिने प्रथम पाहावे.