प्रार्थना आणि भाकरी

संकटात सापडलेल्या माणसासाठी धर्मशीलाने देवाची प्रार्थना करावी, की उठून त्याला हातभार लावावा, हा प्रश्न ख्रिस्ती वाङ्मयात फार जुना आहे. त्याची उत्तरेही आता ठराविक साच्याची होऊन बसली आहेत. एक पक्ष म्हणतो, मनुष्याच्या हाती काय आहे, सर्व देवाच्या हाती. म्हणून प्रार्थना हेच खरे साहाय्य. दुसरा पक्ष म्हणतो, उपाशी माणसाला प्रार्थना ऐकविणे ही त्याची थट्टा आहे. आधी अन्न, मग देव. तिसरा पक्ष समजूतदार असतो. ‘दोन्ही करावे’ एवढे सांगून तो मोकळा होतो. हे तिसरे उत्तर ऐकावयास गोड आहे खरे, परंतु त्यात विचार थोडा आहे. दोन गोष्टी जोडाव्यात असे म्हणताना त्या मुळात सुट्या आहेत, हे आपण न तपासताच गृहीत धरतो. त्या सुट्या आहेत काय, हे ख्रिस्ती धर्माच्या मूळ ग्रंथांत, आणि ज्यांनी हा धर्म आचरून दाखविला अशा दोघांच्या लेखनात पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही हे ग्रंथ येथे उपासकाच्या नव्हे तर वाचकाच्या दृष्टीने वाचणार आहो. ग्रंथकाराने काय लिहिले आणि ते कोणत्या क्रमाने लिहिले, इकडे लक्ष देणे हा वाचकाचा पहिला धर्म होय.

लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आणि अकराव्याचा आरंभ एका बैठकीत वाचून पाहावा. अध्यायांची आज रूढ असलेली विभागणी तेराव्या शतकातली आहे. मूळ लेखकापुढे ती नव्हती. शोमरोनी मनुष्याचा प्रसिद्ध दाखला येथे प्रथम येतो. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या एका वाटसरूस चोर लुटतात व अर्धमेला टाकून जातात. एक याजक त्या वाटेने येतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. त्याच्यामागून आलेला लेवीही तसाच जातो. मंदिरातील सेवेची वेळ टळू नये म्हणून याजक थांबला नसेल, असा त्याचा बचाव करण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु लूकाने तो याजक त्या वाटेने खाली जात होता असे स्पष्ट म्हटले आहे. यरुशलेम डोंगरावर व यरीहो यार्देन नदीच्या खोऱ्यात आहे. तेव्हा खाली जाणारा याजक मंदिराकडे जात नव्हता, तो मंदिराकडून येत होता. उपासना आड आली म्हणून त्याची दया राहिली असे नव्हे. उपासना आटोपलेली होती, आणि तरीही दया उपजली नाही. दाखल्यातील सर्वांत कठोर गोष्ट आमच्या मते हीच आहे, आणि ती एका क्रियापदात सांगितलेली आहे.

शोमरोन्याच्या वर्णनात मात्र लूक हात आखडता घेत नाही. जखमांवर ओतलेले तेल व द्राक्षारस, आपल्या जनावरावर बसविणे, उतारशाळेत नेऊन रात्री केलेली शुश्रूषा, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दिलेले दोन दिनार, आणि अधिक खर्च लागल्यास परत येताना फेडीन हे वचन, इतका तपशील येथे आहे. शोमरोन्याने प्रार्थना केली की नाही, हे लूक सांगत नाही. येथेच तो थांबला असता तर ‘आधी अन्न’ म्हणणाऱ्या पक्षाचा जय झाला असता. परंतु याच्या लगेच पुढे मार्था व मरीया या बहिणींची गोष्ट आहे, आणि तीत पाहुणचारात गढलेल्या मार्थेपेक्षा गुरूच्या पायाशी बसलेल्या मरीयेची वाखाणणी आहे! पुष्कळांस हा विरोध वाटतो. नीट पाहिले तर मार्थेस जो बोल लागला तो राबण्याबद्दल नाही. अनेक गोष्टींची दगदग करून घेणे आणि बहिणीच्या नावाने कुरकुर करणे, हा तिचा दोष. सेवेने जीव त्रासून गेला म्हणजे ती सेवा दुसऱ्याचा हिशेब मागू लागते, हे घर चालविणाऱ्या कोणासही सांगावयास नको.

आणि यानंतर प्रभूची प्रार्थना येते. त्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आहे, पण ती ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’. हे बहुवचन आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याची धार आपल्याला जाणवत नाही. शेजारी उपाशी असता आपल्या ताटावर बसून ‘आम्हांला भाकरी दे’ असे जो म्हणतो, तो व्याकरणाचीच चूक करतो असे म्हणावे लागेल. लूक तेवढ्यावर थांबत नाही. प्रार्थना शिकविल्यावर जो पहिला दाखला येतो, तो मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाचा आहे. तो तीन भाकरी मागतो. कोणासाठी? स्वतःसाठी नव्हे. त्याच्या घरी अवेळी एक वाटसरू येऊन उतरला आहे, आणि त्याला वाढावयास घरात काही नाही.

हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. त्या गृहस्थाने पाहुण्यास उंबऱ्यावरूनच परतविले असते तर त्याला मध्यरात्री कोणाचे दार ठोठावावे लागले नसते. त्याने आधी पाहुण्यास घरात घेतले, मग आपली फडताळे रिकामी असल्याचे त्याला दिसले, आणि मग तो मागावयास निघाला. येथे प्रार्थना ही मदतीच्या बदली केलेली गोष्ट नाही, किंवा मदतीस जोडलेले शेपूटही नाही. मदत अंगावर घेतलेल्या माणसाचे सामर्थ्य जेथे संपते तेथे त्याच्या तोंडून जी हाक निघते, ती प्रार्थना. ज्याने काही अंगावरच घेतलेले नाही, त्याला मागावयाचे तरी काय असते?

याकोबाच्या पत्राकडे याच दृष्टीने पाहावे. उघड्यानागड्या व उपाशी बंधूस नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणाऱ्याची त्याच्या दुसऱ्या अध्यायात जी हजेरी घेतली आहे, ती सर्वांस ठाऊक आहे. कर्मावाचून विश्वास निर्जीव, हा त्याचा सिद्धांत मार्टिन लूथर यांस पौलाच्या शिकवणीशी विसंगत वाटला. आपल्या 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यांनी हे पत्र गवताच्या मोलाचे ठरविले. पुढील आवृत्त्यांतून ते वाक्य गळाले. लूथर यांस पाखंड्यांशी नव्हे तर पुण्याचा व्यापार करणाऱ्यांशी झगडावयाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा त्रागा समजतो. तथापि पत्राचा शेवट त्यांच्या आक्षेपास पुरून उरतो. पाचव्या अध्यायात हाच कर्मवादी याकोब प्रार्थनेची थोरवी गातो. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी प्रार्थना करावी आणि त्यास तेलही लावावे, असे तो एकाच वाक्यात सांगतो. त्या काळी तेल हे औषध होते. शोमरोन्यानेही तेच वापरले.

परंतु त्याच अध्यायाच्या आरंभीची एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि प्रवचनांत तिचा उल्लेख क्वचितच होतो. शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि त्या कापणाऱ्यांची आरोळी परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे याकोब धनवानांस बजावतो. याचा अर्थ असा की, पत्रातील प्रार्थनाप्रकरण सुरू होण्यापूर्वीच एक प्रार्थना देवापर्यंत पोचलेली आहे, आणि ती श्रीमंतांच्या विरुद्ध आहे. प्रार्थनेस बसणाऱ्याने गरिबांसाठी काय मागावे याचा विचार करण्याआधी, आपल्याविरुद्ध कोणी गाऱ्हाणे घातले आहे काय हे पाहावे. मजुरी बुडवून केलेले दान हे दान नव्हे, ती उशिरा आणि अपुरी केलेली परतफेड आहे.

मूळ ग्रंथ सोडून आता आचरणाकडे वळू. ब्रिस्टल येथील अनाथाश्रमांचे संस्थापक जॉर्ज म्युलर यांचे नाव या संबंधात नेहमी घेतले जाते. प्रशियात 1805 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी 1836 साली ब्रिस्टलमध्ये पहिले अनाथगृह काढले. पुढे शहराबाहेर अ‍ॅशली डाउन येथे 1870 पर्यंत पाच मोठी गृहे उभी राहिली, आणि त्यांत दोन हजारांवर मुलांची सोय झाली. 1898 साली ते वारले तोवर दहा हजारांहून अधिक अनाथ मुले त्यांच्या छत्राखाली वाढली होती. मनुष्यापाशी पैसा मागावयाचा नाही, देवापाशीच मागावयाचा, हा त्यांचा नियम. त्यांनी प्रसिद्ध केलेले वृत्तांत वाङ्मय म्हणून कंटाळवाणे आहेत. अमुक तारीख, अमुक शिलिंग, अमुक पेन्स, असे पानेच्या पाने चालते. भक्तिरसाच्या अपेक्षेने ते उघडणाऱ्यास आपण वाण्याची कीर्द वाचीत आहो असा भास होतो.

आमच्या मते हाच त्यांचा गुण आहे. प्रार्थनेची कीर्द-खतावणी ठेवणारा हा मनुष्य तिला मनाचे समाधान समजत नव्हता. आलेल्या प्रत्येक पेनीचा तो जाब देत होता. असे वार्षिक वृत्तांत छापणे हीच एक प्रकारची याचना नव्हे काय, असा आक्षेप टीकाकार घेतात, आणि त्यात तथ्य आहे. म्युलर यांसही तो सुचला असला पाहिजे, कारण 1841 च्या अखेरीस संस्था तंगीत असताना त्यांनी वृत्तांत व सार्वजनिक सभा मुद्दाम लांबणीवर टाकली. आमचा आक्षेप निराळा आहे. त्यांचे भाविक चरित्रकार मुलांच्या भाकरीचे श्रेय एकट्या प्रार्थनेस देतात, आणि भाकरी भाजणारे, कपडे शिवणारे, शाळेत शिकविणारे हात त्या प्रकाशात दिसेनासे होतात. म्युलर यांची रूक्ष वही त्यांच्या चरित्रकारांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. तीत देणाऱ्यांच्या लहानमोठ्या रकमा तरी दिसतात.

म्युलर यांचे वृत्तांत ज्यांच्या मनावर खोल ठसले, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी ते ऋण सांगितले आहे. परंतु बाईंचे लेखन म्युलर यांच्या लेखनाहून निराळ्या मुशीतले आहे, कारण त्यांनी प्रश्नाची दुसरी बाजू स्वतः भोगली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी व्रते, अनुष्ठाने, दानधर्म यांत जवळचे सर्व द्रव्य वेचले, आणि दुष्काळाने गाठले तेव्हा कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडील, आई व बहीण यांचे मृत्यू बाईंनी डोळ्यांदेखत पाहिले. या हकिगती त्यांनी अश्रू न ढाळता लिहिल्या आहेत, म्हणूनच त्या वाचवत नाहीत. देवाच्या दारी उपाशी बसणे म्हणजे काय, हे ज्याला पुस्तकातून नव्हे तर पोटातून कळले, त्याच्या प्रार्थनेत भाबडेपणा उरत नाही.

1896–97 च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराश्रित मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर मुक्तीची वसाहत उभी राहिली. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलींची त्यांत भर पडली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालू लागले, छापखाना निघाला. 1905 साली याच जागी प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली तिची वर्णने जगभर गेली. मागांची व विहिरींची तितकी गेली नाहीत. लोकांस चमत्कार आवडतो. परंतु बायबलाच्या ज्या मराठी भाषांतरासाठी बाई अखेरपर्यंत झिजल्या, त्याचे खिळे जुळविणाऱ्या मुली दुष्काळातून वाचलेल्या होत्या. कोणत्या हातास प्रार्थनेचा म्हणावे आणि कोणत्या हातास कामाचा, हे तेथे सांगता येणार नाही.

येथवर पाहता मदत आणि प्रार्थना एकत्र असाव्यात याविषयी वाद उरू नये. परंतु एक अवघड प्रश्न राहतो, आणि तो टाळणे हा भ्याडपणा होईल. देणाऱ्याने प्रार्थना करावी हे खरे. घेणाऱ्यानेही ती केली पाहिजे काय? 1889 साली निघालेल्या शारदा सदनाच्या बाबतीत हाच प्रश्न उठला. बाई आपल्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवीत व काही मुली आत येऊन बसत. त्यावरून 1893 साली वादळ झाले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. हे दोघेही प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. प्रार्थनेचे त्यांस वावडे नव्हते. आश्रयास आलेल्या मुलीची संमती कितपत स्वतंत्र असते, हा त्यांच्या मनातला प्रश्न असावा. उलट, आपण ज्या श्रद्धेच्या बळावर हे काम करितो ती दार लावून का लपवावी, हा बाईंचा प्रश्नही तितकाच सरळ होता.

आमचा कौल असा की उघडे दार हा दोष नव्हे. परंतु दाराच्या आत भाकरी आणि बाहेर उपास असेल तर ते दार उघडे म्हणता येणार नाही. दुष्काळात दिलेला होकार हा पोटाने दिलेला होकार असतो. तो मनाचा समजून नोंदवहीत लिहिणे म्हणजे उपाशी माणसाकडून त्याच्या जवळची शेवटची वस्तू विकत घेणे होय. शोमरोन्याने जखमी वाटसरूस त्याचा धर्म विचारला नाही, आणि स्वतःचा सांगितलाही नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान व प्रार्थना यांस एकच नियम लावला आहे: दोन्ही गुप्त असावीत. हा नियम पाळणाऱ्याची प्रार्थना त्याच्या दानाच्या मुळाशी असेल, दानावरच्या शिक्क्यात दिसणार नाही.

सारांश, प्रार्थना आणि मदत यांची सांगड घालण्याचे बंधन देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर मुळीच नाही. देणाऱ्याने प्रार्थना सोडली तर तो मार्थेसारखा त्रासून दुसऱ्याचा हिशेब काढू लागेल. मदत सोडली तर त्या याजकासारखा मंदिरातून येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाईल. घेणाऱ्याने मात्र भाकरी खावी, आणि हात जोडावयाचे की नाहीत हे पोट भरल्यावर आपल्या मनाशी ठरवावे. तेव्हा जर ते जोडले गेले, तर ते खरोखर त्याचेच असतील.