आज्ञावलीची शैली आणि आज्ञावलीकाराचा समाज : टॅब-स्पेस वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाची आज्ञावली यंत्रासाठी लिहिली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा आणखी एक वाचक असतो आणि तो माणूस असतो. आज एकाने लिहिलेली आज्ञावली उद्या दुसरा वाचतो, दुरुस्त करतो, वाढवतो. या जाणिवेतूनच ब्रायन कर्निहन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४ मध्ये ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हा ग्रंथ लिहिताना स्ट्रंक व व्हाइट यांच्या इंग्रजी गद्यलेखनविषयक पुस्तिकेचा आदर्श समोर ठेवला. पुढे १९८४ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी आज्ञावलीकडे साहित्यकृतीप्रमाणे पाहावे, असा विचार मांडला. आज्ञावलीला शैली असते हे एकदा मान्य केले की त्या शैलीची समीक्षाही अपरिहार्य ठरते. ही समीक्षा शैलीची न होता शैली वापरणाऱ्या माणसाच्या ‘किमती’ची होऊ लागली तर काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे केला आहे.

वादाचे स्वरूप :

आज्ञावलीतील ओळींची परस्परसंबद्धता दाखविण्यासाठी ओळीच्या आरंभी मोकळी जागा सोडण्याची प्रथा आहे. ही जागा टॅब या एकाच चिन्हाने सोडावी की स्पेस या चिन्हाच्या पुनरावृत्तीने, हा आज्ञावलीकारांमधील दीर्घकाळचा वाद आहे. टॅबची रुंदी वाचणारा आपल्या पडद्यावर ठरवू शकतो; स्पेसने सोडलेली जागा लिहिणाऱ्याने ठरविलेल्या प्रमाणातच सर्वांना दिसते. लिनक्सच्या गाभ्यासाठी केलेले लेखननियम आठ अक्षरे रुंदीचा टॅब सांगतात, तर पायथन या भाषेची २००१ मधील ‘पेप ८’ ही नियमावली चार स्पेसची शिफारस करते. सी भाषेच्या बाबतीत यंत्राला या दोहोंत काहीच फरक जाणवत नाही. पायथनमध्ये मोकळ्या जागेला अर्थ असला तरी दोहोंची विसंगत सरमिसळ टाळली की कोणतेही एक चिन्ह चालते. म्हणजे हा वाद अर्थाचा नसून रूढीचा आहे.

२०१७ चे सर्वेक्षण :

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संस्थळाकडून २०११ पासून आज्ञावलीकारांचे सर्वेक्षण केले जाते. २०१७ च्या सर्वेक्षणाच्या आधारे डेव्हिड रॉबिन्सन यांनी असे दाखविले की, स्पेस वापरणाऱ्यांचे मध्यक वार्षिक वेतन ५९,१४० डॉलर, तर टॅब वापरणाऱ्यांचे ४३,७५० डॉलर होते. अनुभव, देश, भाषा, शिक्षण इत्यादी घटकांचा प्रभाव वगळल्यानंतरही सुमारे ८.६ टक्क्यांचा फरक उरत होता. ही तफावत युरोपात कमी, तर भारतात विशेष मोठी होती. हा सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, याचे भान स्वतः रॉबिन्सन यांना होते. परंतु निष्कर्षाचा प्रसार ज्या वेगाने झाला, त्या वेगाने ही मर्यादा पोहोचली नाही. ‘स्पेस वापरा, वेतन वाढेल’ असा त्याचा विनोदी आणि काही अंशी गंभीरही अर्थ लावला गेला.

चिकित्सा :

या निष्कर्षाची चिकित्सा दोन अंगांनी करता येते. पहिले अंग कारणमीमांसेचे आहे. एव्हेलिना गाबासोव्हा यांनी त्याच आधारसामग्रीचे पुनर्विश्लेषण करून असे सुचविले की, जेथे गिट ही आवृत्ती-व्यवस्थापन प्रणाली वापरली जाते आणि मुक्त-स्रोत प्रकल्पांत सहभाग असतो, अशा वातावरणाशी अधिक वेतन आणि स्पेसचा वापर या दोन्ही गोष्टी निगडित आहेत. हे मान्य केल्यास स्पेस हे कौशल्याचे कारण राहत नाही. आज्ञावलीकार कोणत्या मंडळींत घडला याची ती खूण ठरते. शुद्धलेखनाच्या वादात मराठी वाचकाने हेच अनुभवले आहे. ऱ्हस्वदीर्घाचा नियम वाचनाच्या सोयीसाठी असतो. पण व्यवहारात तो लिहिणाऱ्याची शाळा आणि घर ओळखण्याचे साधन होतो.

दुसरे अंग प्रातिनिधिकतेचे आहे. उपर्युक्त प्रश्नाचे उत्तर देणारे २८,६५७ व्यावसायिक आज्ञावलीकार होते; त्यांपैकी वेतन सांगणारे १२,४२६, म्हणजे निम्म्याहून कमी. हे सर्व स्वेच्छेने उत्तर देणारे, इंग्रजी प्रश्नावली सहज वाचणारे लोक. या सर्वेक्षणांत पुरुषांचे प्रमाण साधारणतः नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. याउलट, नॅसकॉमच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतीय माहिती-तंत्रज्ञान उद्योगातील मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. या उद्योगातील प्रत्येक कर्मचारी आज्ञावली लिहीत नाही, हे खरे. तरीही दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षणीय नाही. ज्या समूहाचे चित्र मुळातच अपुरे आहे, त्याच्या सवयींना संपूर्ण व्यवसायाचा आदर्श मानणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

अर्थाचा वाद आणि खुणेचा वाद :

शैलीविषयक सर्व वाद व्यर्थ असतात, असा येथे दावा नाही. मार्च १९६८ मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध लिहिलेले पत्र मूलतः वाचकाच्या बाजूने होते. या आज्ञेच्या अनिर्बंध वापरामुळे लिखित मजकूर आणि प्रत्यक्ष घडणारी प्रक्रिया यांचा मेळ घालणे माणसाच्या बुद्धीला कठीण होते, हे त्यांचे प्रतिपादन होते. नूथ यांनी १९७४ मध्ये ती आज्ञा जेथे उचित ठरते अशी स्थळे दाखवून या वादाला अधिक समतोल दिला. तेथे प्रश्न आकलनाचा होता, वेतनाचा किंवा प्रतिष्ठेचा नव्हता.

टॅब-स्पेसच्या वादातही वाचकाचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. ज्याची दृष्टी अधू आहे अशा आज्ञावलीकाराला टॅबची रुंदी आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते. ब्रेल पट्टी वापरणाऱ्याला अनेक स्पेसऐवजी एकाच चिन्हाला सामोरे जावे लागते. वेतनाच्या तक्त्यात या वाचकासाठी रकाना नाही. म्हणून त्याची गरज त्या चर्चेत दिसत नाही.

निष्कर्ष :

२००९ मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेने ‘गोएफएमटी’ या साधनाद्वारे मांडणीचे काम यंत्राकडे सोपविले. पुढे इतर भाषांतही अशी साधने रूढ झाली. जे काम यंत्र क्षणात करते, त्यावरून माणसाची गुणवत्ता ठरविण्याचे कारण उरत नाही. तरीही मुलाखतीत किंवा सहकाऱ्याच्या आज्ञावलीच्या परीक्षणात अशा खुणा पाहून मत बनविण्याची प्रवृत्ती टिकून राहिली, तर तिचा भार नामांकित संस्थांच्या वर्तुळाबाहेर शिकलेल्या नवोदितांवर पडेल. कारण त्या खुणा कौशल्याआधी संगतीतून मिळतात. आज्ञावलीच्या शैलीची कसोटी एकच असावी : पुढच्या वाचकाला ती समजते काय? हा वाचक कोण, याची कल्पना जितकी व्यापक, तितकी ती समीक्षा न्याय्य होईल.